दोन नग पॅनेल

मत्स्यबीज वाटणाऱ्या सरकारी गाडीचं सामान माझ्या ताब्यात होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर. उन्हावर वीज करणारी पॅनेलं टपावर घेऊन फिरणारी दुसरी गाडी नागपुरात मी तरी पाहिली नव्हती. मागे माशांच्या पिल्लांची टाकी, टाकीत हवा सोडणारा पंप आणि पंपापुरती चोवीस व्होल्टची वेगळी बॅटरी. बारा-बारा व्होल्टची दोन पॅनेलं एकामागे एक जोडून ती चार्ज व्हायची.

त्यातलं एक फुटलं. मागणीपत्रात मी लिहिलं : पॅनेल, बारा व्होल्ट, एक नग. मापाचा रकाना नव्हता, म्हणून माप लिहिलं नाही. आलं ते निम्म्याहून लहान. यादीवर खूण केली आणि बसवून घेतलं.

श्रावणात नरखेड तालुक्यातल्या एका तळ्यासाठी पिल्लं घेऊन निघालो. ड्रायव्हर, मी आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष. याच पिल्लांवर त्यांच्या घरांचं वर्ष निघायचं. वाटेत नाल्याला पूर. आता उतरेल, मग उतरेल म्हणून थांबलो. दुपारी लख्ख ऊन पडलं, तरी टाकीतले बुडबुडे मंदावत गेले.

ड्रायव्हर टपावर चढला. "बाई, मोठं किती बी दमाचं असू द्या, लहान्यातून जाते तेवढीच वीज बॅटरीले भेटून राहिली."

"जाळं ओढल्यावानीच झालं मंग," अध्यक्ष म्हणाले. "एका टोकाले लेकरू लावलं का दुसऱ्या टोकाच्या पहिलवानाले थांबाच लागते. लेकराले घरी पाठव ना गा."

"पाठवलं असतं, बाबाजी. पण एकट्या पहिलवानाची बाराची वीज त्या चोवीसच्या बॅटरीत शिरतच नाही."

गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, तिच्यावर पंप हलेना. अडचणीच्या वेळेची माझी यादी पिशवीत होती : दोरी, टॉर्च, मलमपट्टी, जादा फ्यूज. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

पंप थांबला. पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. आम्ही तिघं पाळीपाळीनं डब्यानं पाणी उचलून वरून ओतत राहिलो, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. माझा हात दुखून आला की अध्यक्ष डबा काढून घेत.

संध्याकाळी नाला उतरला. तळ्याकाठी अध्यक्षांनी टाकीत हात घालून हलणारी पिल्लं तेवढी वेचली आणि पाण्यात सोडली. दोन ओंजळीही भरल्या नाहीत.

"दुसरी कवा देता, बाई?"

वेळ वाचावा म्हणून पोहोच-पावतीवर त्यांचा अंगठा मी सकाळी नागपुरातच घेतला होता आणि निघण्याआधी पावती कार्यालयात जमाही केली होती. कागदावर त्यांना सगळी पिल्लं मिळाली होती. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्यांनी ओले हात पुसले.

"लिहून पाहा," म्हणाले.

मी तीनदा लिहिलं, पॅनेलचं आणि पावतीचं, दोन्ही. पोहोचलेला माल पुन्हा देता येत नाही, असं उत्तर आलं. तोवर पावसाळा सरला होता.

पुढच्या वर्षी ते परत आले. पावतीपुस्तक या वेळी मी कपाटातच ठेवलं होतं. टाकीत पिल्लं भरून झाली, तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी हात पुढे केला.

"अंगठा आत्ताच देऊ का, बाई?"