फुजैराला नेलेली अर्धी चाल

माझ्या तोंडाला लगाम असता तर हा प्रवास झालाच नसता.

साल २००२. मी दुबईत जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका ऑफिसात होतो आणि राहायला अजमानला, कारण दुबईतली भाडी ऐकूनच अंगात कणकण यायची. फुजैरा बंदरावर कॅलम नावाचा एक स्कॉटिश सर्व्हेयर होता, जहाजांच्या टाक्यांतलं तेल मोजणारा. आमची ओळख फोनवरचीच. एकदा तो म्हणाला, आई तीन महिन्यांसाठी आलीय, फिडल वाजवते, म्हणजे आपलं व्हायोलिनच. घरात पाच पिढ्यांच्या चाली आहेत आणि कागदावर एकही नाही. आता मी वसईचा, लग्नाच्या मांडवात वाढलेला. गप्प बसवेना. म्हटलं, "आमच्याकडेही तसंच. माझे आजोबा, माझे पप्पा आणि मी."

त्यातलं "आणि मी" नडलं. "मग पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी या की," कॅलम म्हणाला. "व्हायोलिन आणायला विसरू नकोस."

खरी परिस्थिती अशी होती. पप्पांचं व्हायोलिन माझ्याकडे होतं, पण कपाटावर, सुटकेसच्या खाली. पप्पा वसईतल्या लग्नांत वाजवायचे. नवरी माहेरच्या दारातून बाहेर पडताना वाजवायची एक चाल आमच्या घरची होती, आजोबांकडून आलेली. पप्पांनी मला तिचा पहिला भाग शिकवला. दुसरा भाग पुढच्या सुट्टीत शिकतो, असं मी म्हणालो. असं मी सहा सुट्ट्या म्हणालो. नव्याण्णव साली पप्पा गेले. अर्धी चाल माझ्याकडे राहिली आणि अर्धी त्यांच्याबरोबर गेली, याची मला इतकी लाज वाटायची की बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

तीन आठवडे मी बाथरूममध्ये सराव केला. चौथ्या दिवशी शेजारचे मल्याळी अंकल दार वाजवून विचारायला आले, तुमच्या एसीचा फॅन कुठे घासतोय का. त्यांनी मेकॅनिकचा नंबरही आणला होता. मी तो घेतला.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. मी, बायको फिलो आणि अकरा वर्षांची मुलगी अँजेला. ही शारजात एका सरांकडे व्हायोलिन शिकायची, समोर कागद ठेवून, ग्रेडच्या परीक्षेसाठी. तिचं छोटं व्हायोलिन आणि पप्पांचं मोठं, दोन्ही मागच्या सीटवर. तुम्ही जाणार असाल तर शारजा, धैद, मसाफी असाच रस्ता धरा. धैदपर्यंत वाळू, मग एकदम काळे, बोडके डोंगर. दोन तास पुरतात, मला तीन लागले, कारण धैदच्या राउंडअबाउटवरून मी दोनदा परत शारजाकडेच निघालो. फिलो म्हणाली, "विल्सन, जायचं नसेल तर तसं सांग." एवढ्या वर्षांत ही बाई कधी चुकली नाही.

मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दुतर्फा बाजार लागतो. गालिचे, मातीची मडकी, फळं. केळ्यांचा घड दहा दिरहमला, म्हणजे एकशे तीस रुपयांना. फिलोने हिशेब मोठ्याने केला आणि दुकानदाराला म्हणाली, "भाईसाब, वसई में इतने में पेड़ आता है." तो हसला आणि आठला दिला. चहा पुढच्या केरळी कॅफेटेरियात घ्या. पराठा आणि चहा मिळून दोन दिरहम, आणि गाडीतून उतरायचेही कष्ट नाहीत, हॉर्न दिला की आणून देतात. अँजेला विचारत होती, "पप्पा, व्हॉट आर यू गोइंग टू प्ले?" मी म्हटलं, इन्शाल्ला, बघू.

फुजैरात डोंगर संपला की समुद्र येतो आणि क्षितिजावर तेलासाठी थांबलेली जहाजं दिसतात. मी ती इतकी वर्षं फक्त बिलांवर पाहिली होती. कॅलमचं घर किनाऱ्याजवळच होतं. त्याची आई मोराग, वय शहात्तर, एसीमुळे अंगात जाड स्वेटर. मी सवयीने "आंटी" म्हटलं. तिला ते फारच आवडलं, जेवेपर्यंत तिने कॅलमकडूनही दोनदा म्हणवून घेतलं.

फिलोचे पोटॅटो चॉप संपल्यावर आंटीने फिडल काढली. तिचं वाजवणं कसं होतं ते मला धड सांगता येणार नाही. पाय जमिनीवर ठेका धरायचा, तोंड अगदी शांत, आणि हात बाजारात भाजी निवडताना चालावा तसा सहज. अँजेला कागद ठेवायचा स्टँड शोधायला लागली. आंटीने तिला जवळ बसवलं. आधी चाल तोंडाने म्हणून दाखवली, नुसते डिडल-डी असे बोल. पोरीने ते म्हटल्याशिवाय तिला तारेला हात लावू दिला नाही. "आधी तोंडात, मग बोटात," आंटी म्हणाली. "मला माझ्या वडिलांनी गाईंची धार काढताना असंच शिकवलं." अर्ध्या तासात माझी मुलगी कागदाशिवाय एक अख्खी चाल वाजवत होती. तिच्या सरांच्या फीचे आकडे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

मग कॅलमने घरचा नियम सांगितला. या घरातून चाल न्यायची तर एक ठेवून जायची. "विल्सन, आता तुझी पाळी. तुझ्या घरची."

मी आधी खांदा दुखतोय म्हटलं. मग तार उतरलीय म्हटलं. आंटीने तार लावून दिली. शेवटी पप्पांचं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि वाजवलं. फॅन थोडा घासला, पण पहिला भाग आला. थांबलो, वाकून नमस्कारही केला.

आंटीने माझा तो भाग लगेच, एकही सूर न चुकता वाजवला. माझ्यापेक्षा तर चांगलाच, पप्पांच्या जवळपास. मला तिथेच भरून आलं. मग ती म्हणाली, "आणि पुढचा भाग?"

"एवढीच आहे."

"नाही. तू थांबलास तिथे कुठलीच चाल थांबत नाही."

अँजेला माझ्याकडे बघत होती. खोटं बोलायचं धैर्यही संपलं होतं. मी सगळं सांगून टाकलं, सहा सुट्ट्यांसकट. फिलोने माझ्या हातातून व्हायोलिन काढून नीट पेटीत ठेवलं.

मी आंटीला म्हटलं, तुम्हीच जोडा ना पुढचं काहीतरी. ती म्हणाली, "जोडेन, पण मग ती माझी होईल. ती कोणी ऐकली आहे?"

"वाजवणारे सगळे गेले."

"मी वाजवणाऱ्यांचं विचारत नाहीये. माझ्या आजोबांची एक चाल आम्हाला आत्याकडून परत मिळाली. तिने जन्मात फिडल हातात धरली नव्हती. चुलीपाशी बसून नुसती ऐकायची."

परतताना मी एकदाही रस्ता चुकलो नाही. मसाफीच्या चढावर मी गाडी बाजूला घेतली आणि फिलोला म्हटलं, "आई." ती म्हणाली, "मी ते कॅलमच्या घरीच म्हणणार होते, पण तू रडत होतास."

अजमानला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, फोन कार्ड घेतलं आणि वसईला फोन लावला. आईला विचारलं, ती नवरीची चाल, तिचा दुसरा भाग आठवतो का?

"न आठवायला काय झालं? चाळीस वर्षं ऐकली."

"मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

व्हायोलिन शिकवायचं ते मुलग्यांना, असं आमच्या घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. चाल पप्पांकडे आणि माझ्याकडे शोधायची, आणि मध्ये आई मुशी मासा कापत बसलेली. मी फोन स्पीकरवर टाकला. आईने गुणगुणायला सुरुवात केली. मी "थांब, थांब, परत" म्हणालो तर म्हणाली, "तू गप्प बस. पोरीला ऐकू दे."

अँजेलाने आधी तोंडाने म्हटलं. मग पेटी उघडली, स्वतःचं सोडून पप्पांचं मोठं व्हायोलिन काढलं, आणि हात पुरत नसताना वाजवायला लागली. दोन्ही भाग, सलग, झपाझप, परीक्षेत घड्याळ लावून बसल्यासारखे. मी फिलोकडे विजयी मुद्रेने पाहिलं, जणू सगळं मीच केलं.

"घाई नको करू गो बाय," आई पलीकडून म्हणाली. "तुझ्या पणजोबांनी माझ्या दारात वाजवली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवरी रडत असते. तिला भरभर चालता येत नाही."

"ओके, ग्रॅनी," अँजेला म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून धरली, सावकाश. दुसऱ्या भागापाशी आली तेव्हा मी फोनला कान लावला. मला वाटलं कार्ड संपलं.

"हां," आई म्हणाली. "आता निघाली."