शेडमधला पाऊस

“मॅडम, ही फाईल ब समरीला चाललीय. एकदा वाचा. पटलं तर तसं कळवा, मी पुढं पाठवतो.”

आमच्या डीवायएसपी साहेबांनी टेबलावरून फाईल माझ्याकडं सरकवली. ब समरी म्हणजे पोलिसांनी तपास करून कोर्टाला कळवायचं की ही तक्रारच खोटी होती. ते मंजूर झालं की आरोपी मोकळा. वर तक्रार देणाऱ्या बाईवरच खोटी तक्रार दिल्याची कारवाई होऊ शकते. मी एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक. एकोणीस वर्षं नोकरी झाली. निम्मी सातारा जिल्ह्यात, निम्मी सांगलीत. अशा गुन्ह्यातल्या बाईचं नाव कायद्यानं कुठं छापता येत नाही, म्हणून मी तिला इथं शालन म्हणते. गावही सांगत नाही. कडेगाव तालुक्याच्या बाजूचं, एवढं पुरे.

शालन सत्तावीस वर्षांची. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब उत्तरेला. घरात ती आणि सासू. उसाची रोपं तयार करणाऱ्या एका नर्सरीत ती कामाला जायची. तक्रार अशी होती, की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरनं ट्रे मोजायच्या निमित्तानं तिला एका शेडमध्ये बोलावलं आणि तिच्यावर बलात्कार केला.

तपास पीएसआय घाडगे यांच्याकडं होता. तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी फाईलला दोन पानांची नोट जोडली होती. तक्रार नऊ दिवसांनी दिली. पन्नास पावलांवर अकरा बायका जेवत होत्या, तरी ही ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर. मॅनेजरच्या मेसेजला ‘ओके सर’ असं उत्तर. घटनेचा क्रम तीन वेळा तीन तऱ्हेचा सांगितला. जबाब देताना हसली. आणि शेवटी लाल पेनानं अधोरेखित केलेलं: घटनेच्या वेळी पाऊस पडत होता असं म्हणते, प्रत्यक्षात मार्च महिना असून त्या दिवशी जिल्ह्यात कुठंही पाऊस नाही.

मॅनेजरचं म्हणणं होतं, की तो त्या दुपारी नर्सरीत नव्हताच, विट्याला गेला होता.

मी नोट दोनदा वाचली. मग मूळ जबाब वाचला. कायद्याप्रमाणं तो महिला पोलिसानंच लिहायचा असतो, तसा तो हवालदार वैशालीनं लिहिला होता. तिला बोलावलं.

“प्रश्न कोण विचारत होतं?”

“लिहीत मी होते मॅडम. विचारत घाडगे साहेब होते. दारात उभं राहून.”

“आणि पावसाचं काय?”

“ती मधेच म्हणाली, पाऊस आला. साहेब हसले. म्हणाले, मार्चमध्ये? मग तीबी कसनुसं हसली आन् म्हणाली, मग न्हवता आला आसंल.”

ते ‘मग न्हवता आला आसंल’ वैशालीनं जसंच्या तसं लिहिलं होतं. तिचं हे काम पुढं फार मोठं ठरलं.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात एक ट्रेनिंग केलं होतं. अशा गुन्ह्यातल्या माणसाशी कसं बोलायचं याचं. त्यातली मुख्य गोष्ट सोपी आहे. जिवावर बेतलं की मेंदू डायरी लिहीत बसत नाही. आधी काय, नंतर काय, किती वाजता, हे सगळं विस्कटतं. पण एखादा वास, एखादा आवाज, अंगाला लागलेलं काहीतरी घट्ट राहतं. आपण पोलीस नेमकं जे विस्कटलंय तेच विचारतो आणि जे घट्ट राहिलंय ते कधी विचारत नाही.

मी साहेबांना म्हटलं, “मला आठ दिवस द्या.”

“मॅडम, आठ दिवसांत मार्चमध्ये पाऊस पडणार आहे का?”

“माहीत नाही. पण तिला तो का आठवतोय ते बघते.”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तपास माझ्याकडं वर्ग केला.

मी आधी फोन केला. सासूनं उचलला. या बाईंना सगळे आक्का म्हणायचे. सुनेला ठाण्यात घेऊन आल्या होत्या त्याही ह्याच.

“आक्का, मी नवीन तपास अधिकारी. शालनला भेटायचंय. कुठं आणि कधी ते तिनं ठरवायचं.”

 “आवं मॅडम, पोलिसांनी असं कवा इचारलंच न्हाई.”

शालननं घरच सांगितलं, सकाळी, शेजारच्या बायका रानात गेल्यावर. जीप नेली असती तर गावभर झालं असतं. मी साध्या साडीत माझ्या स्कूटीवर गेले. वैशाली एसटीनं आली.

पहिल्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. मी कोण, ह्यापुढं काय होणार, कोर्टात काय होतं, एवढंच सांगितलं. थांबा म्हणलीस की थांबायचं, हा नियम ठरवला. आक्कांनी जवळ बसावं की बाहेर, तेही तिलाच विचारलं. ती म्हणाली, “आत्या हितंच ऱ्हाऊ देत.” तिच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

नऊ दिवसांचा उलगडा आक्कांनीच केला. “घटना घडली त्या दिसापास्नं पोरगी न्हाणीत गेली की भाईर यायचीच न्हाई. ताट म्होरं ठिवलं की तसंच. कामाला मातर रोज जायची. नवव्या दिशी मी न्हाणीचं दार वाजीवलं, म्हणलं, कुणी काय केलं तेवढं सांग. मग भडाभडा बोलली. तवाच उठलो आन् आलो.”

“कामावर जात होतीस?” मी शालनला विचारलं.

“न्हाई गेलं तर लोक इचारतील, का गेली न्हाईस. काय सांगायचं मॅडम?”

ओके सर, हे उत्तरही तसंच. कामाला लागल्यापासून सात महिने ती मॅनेजरच्या प्रत्येक मेसेजला तेच दोन शब्द पाठवत होती. मी तिचा फोन तिच्या परवानगीनं पाहिला. घटनेच्या आधीही तेच, नंतरही तेच. त्यात मैत्री शोधायची तर नर्सरीतल्या सगळ्याच बायकांची मैत्री निघाली असती.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. आता मी म्हटलं, “सुरुवातीपासून सांगायची गरज नाही. जिथनं आठवतंय तिथनं सांग. काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, कसला वास होता.”

तिनं मान खाली घातली. म्हणाली, “वला वास. नारळाच्या भुश्शाचा.” रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरतात, त्याचा वास. “मला वराडायचं हुतं. त्वांड उघडलं बी. आवाजच न्हाई आला. हातपाय माजं न्हाईतच असं झालं.”

मी गप्प बसले. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड असतं. आम्हाला पुढचा प्रश्न विचारायची सवय असते.

“मग पाऊस आला,” ती म्हणाली आणि लगेच माझ्याकडं पाहिलं. मी हसतेय का ते बघायला.

“कसा पाऊस?”

“बारीक. भुरभुर. त्वांडावर गार पडत हुता. आन् वर सूंऽऽ असा आवाज.” ती थांबली. आक्कांनी तिचा हात धरला. “त्यानं शिवी हासडली. उठला, दाराकडं गेला. भित्तीवर पेटी हाय, तिथं किल्ली फिरवली. मग पाऊस बंद झाला. मग परत आला.”

वैशालीचं पेन थांबलं.  माझ्या लक्षात आलं, की आपल्या हातात आता काहीतरी आहे. आजवर कुणी तिला ‘कसा पाऊस’ असं विचारलंच नव्हतं.

निघताना आक्कांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडं शालनचा नवरा होता.

“मॅडम, मी पुढच्या हप्त्यात रजेवर येतोय. तिला काय विचारू नको, तेवढं मला सांगा.”

इतक्या वर्षांत नवऱ्यांनी मला खूप प्रश्न विचारलेत. हा पहिल्यांदाच ऐकला. मी म्हटलं, “ओरडली का नाहीस, हे विचारू नका. बाकी ती सांगेल तेवढं ऐका.”

“ठीक आहे मॅडम,” तो म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी मी नर्सरीत गेले. घाडग्यांना मुद्दाम बरोबर घेतलं. पंचनाम्यात शेडची लांबी-रुंदी होती, दारं होती, ट्रेची संख्या होती. मी शेडच्या मधोमध उभी राहिले आणि वर पाहिलं. छताखालून काळी नळी गेलेली, तिला दर हातावर बारीक तोट्या. फॉगर म्हणतात त्यांना. कोंब फुटायला हवेत ओलावा लागतो, म्हणून धुक्यासारखं पाणी सोडतात. दाराशेजारी भिंतीवर कंट्रोलरची पेटी होती. ठरलेल्या वेळी ती फॉगर आपोआप चालू करायची. मधेच बंद करायचं तर किल्ली लागायची.

घाडगे वर बघतच राहिले. “मॅडम, हे मी...”

“नंतर बोलू. किल्ली कुणाकडं असते ते विचारा.”

किल्ल्या दोनच होत्या. एक मालकाकडं, एक मॅनेजरकडं. मालक त्या दिवशी पुण्यात एका लग्नात होते. फोटो होते, शेदीडशे साक्षीदार होते.

कंट्रोलर बसवणारा मेकॅनिक सांगलीहून आला. मी त्याला विचारलं, “फॉगर कधी चालले, कधी बंद झाले, याची नोंद राहते का?”

“ऱ्हाती की. पण तीसच दिवसांची. नंतर जुनी पुसत जाती.”

घटनेला त्या दिवशी सव्विसावा दिवस होता.

त्यानं पंचांसमोर नोंद काढली. त्या तारखेला दुपारी दोनला फॉगर आपोआप चालू झाले. दोन वाजून तीन मिनिटांनी किल्लीनं बंद केले गेले. बाकी महिनाभरात दुपारच्या फेरीत किल्ली एकदाही फिरली नव्हती. आम्ही पेटी सील करून जप्त केली. मॅनेजरच्या मोबाईलचं लोकेशनही मागवलं. दोन वाजता तो विट्याच्या बाजूला नव्हता, नर्सरीच्याच टॉवरखाली होता. विट्याला तो गेला होता खरा, पण साडेतीननंतर.

लोकेशन आलं त्या संध्याकाळी मी साहेबांसमोर कागद ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले.

“पण ओरडली का नाही, हे कोर्टात विचारतील मॅडम.”

“साहेब, मी म्हसवडकडची. आमची मेंढरं होती. लांडगा कळपात शिरला की लांबची मेंढरं बोंबलतात. ज्याला धरलंय ते गप्प असतं. अंग टाकून देतं. वडील सकाळी त्याला कधी म्हणाले नाहीत, की ओरडलं का नाहीस.”

 ब समरीच्या नोटवर साहेबांनी आडवी रेघ मारली आणि अटकेचं बघा म्हणाले.

मॅनेजरला दुसऱ्या दिवशी सकाळी उचलला. शालनचा जबाब महिला न्यायाधीशांसमोर झाला. पुढं खटल्यात साक्षीला जायच्या आधी मी तिला रिकाम्या कोर्टरूममध्ये नेलं. न्यायाधीश कुठं बसतात, वकील कुठं, ती कुठं उभी राहणार, पाणी कुठं मिळेल, हे दाखवलं. आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये म्हणून मधे पडदा लावायची विनंती सरकारी वकिलांनी केली. ती मान्य झाली.

खटला उभा राहायलाच दीड वर्ष गेलं होतं. उलटतपासणीत बचाव पक्षाचे वकील तयारीनं आले होते. मी साक्षीला उभी असताना त्यांनी पहिला जबाब हातात धरला.

“यात ती म्हणते पाऊस आला. पुढच्याच ओळीत म्हणते आला नसेल. हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“म्हणजे फॉगरची गोष्ट तुम्ही नंतर तिच्या तोंडात घातली.”

“फॉगरबद्दल आम्हाला सव्विसाव्या दिवशी कळलं. पाऊस ती नवव्या दिवशी बोलली. तेव्हा तिला कुणीच काही सुचवलं नव्हतं. उलट हसले होते.”

न्यायाधीशांनी मान वर केली. पहिला जबाब मागून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. वकिलांनी पुढचा प्रश्न बदलला.

मॅनेजरला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी शालन नवऱ्याबरोबर आली होती. ती रडली नाही. मला म्हणाली, “मॅडम, मी आता दुसऱ्या नर्सरीत जाती. सुपरवायझर म्हणून घेतलंय.” आक्का मधेच बोलल्या, “आन् न्हाणीचं दार मी बी आता वाजवत न्हाई.” तिघंही हसली. मीही.

कोर्टाच्या आवारात घाडगे माझ्याजवळ आले. आता त्यांची बदली झाली होती, मुद्दाम निकालाला आले होते.

“मॅडम, एक सांगतो. तो पहिला जबाब मी परत टाईप करून घेणार होतो. क्रम लावून, पावसाचं काढून. वैशालीनं ऐकलं नाही. म्हणाली, बाई बोललीय तसंच राहू दे.”

“काढला असता तर केस गेली असती.”

“तेच तर. आता माझ्या ठाण्यात जबाब घेताना मी दारात उभा राहत नाही. महिला अंमलदार बोलते, मी बाहेर बसतो.”

“चांगलं करताय,” मी म्हटलं.

नवीन पीएसआय ट्रेनिंगला आले की मला लेक्चरला बोलावतात. सगळ्यांना कलमं हवी असतात, यादी हवी असते. ती पुस्तकात आहे. मी एवढंच सांगते, की पहिला जबाब वेडावाकडा आला तर तसाच लिहून ठेवा. त्याला इस्त्री करू नका. आणि बाईनं सांगितलेली गोष्ट अशक्य वाटली, तर ती खोटी आहे असं लिहिण्याआधी एकदा जागेवर जाऊन मान वर करून बघा.