आंब्याची हमी

आज पहाटे सांदवाडीचं, म्हणजे परसाचं, दार उघडलं आणि मोहराचा वास थेट अंगावर आला. घरामागचा आमचा आंबा यंदाही मोहरानं लगडला आहे.

लहानपणी त्याला फळच धरत नव्हतं. बाबांना तिथं खोली बांधायची होती. फळ न देणाऱ्या झाडाला भीती घालायची आमच्या अड्याळ गावात रीत आहे. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं झाडाची हमी घ्यायची, मग पहिल्यानं माघार घ्यायची. पण एका सकाळी बाबा झाड खरंच तोडायला निघालेत, असं मला वाटलं. भांडी टाकून आई राखेच्या हातांनी धावली आणि बुंध्याला बिलगली.

“नोका तोडू जी! येत्या साली फळ देते तो. मी हमी घेतो.”

“आन नाही देल्लं तं?”

“तं पुढच्या साली मी पुन्हा हमी घेईन.”

रीत म्हणजे रीत. बाबा पुटपुटत मागे फिरले. आईनं बाबांना हरवलं, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आज त्या बुंध्याशी उभा राहिलो आणि एक गोष्ट नव्यानं आठवली. बाबांची रोजची, धार लावलेली कुऱ्हाड तेव्हा ओसरीतच टेकून ठेवलेली होती. झाड तोडायला त्यांनी नेली होती ती माळ्यावरची, गंजलेली.