अण्णाच्या नडगीसाठी केलेली काच

नव्वदच्या दशकातली मधली काही वर्षं मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत काच वितळवत होते. खिडकीची किंवा बाटलीची नव्हे. हिच्यात सिलिका कमी, सोडा आणि चुना जास्त, शिवाय थोडं फॉस्फरस. अशी काच शरीरात ठेवली की ती स्वस्थ बसत नाही. हळूहळू विरघळू लागते, तिच्या अंगावर हाडात असतं तसल्याच खनिजाचा पांढरा थर येतो आणि शेजारचं हाड त्या थराला धरून वाढतं. आमच्याकडे हे सशांच्या हाडांत पाहून झालं होतं. माणसात नाही.

अण्णा माझा मोठा भाऊ. चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात दिवसभर उभा असायचा. स्कूटर घसरून त्याची नडगी मोडली, हाड कातडीबाहेर आलं आणि आत पू धरला. दोन वर्षांत तीन शस्त्रक्रिया झाल्या. दर वेळी सडलेलं हाड खरवडायचं आणि त्याच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे काढून पोकळीत भरायचे. तिसरी झाल्यावर सर्जन म्हणाले, आता कमरेतून काढण्यासारखं फार उरलेलं नाही.

हेच सर्जन सशांच्या कामात आमच्याबरोबर होते. काचेचं त्यांनीच सुचवलं. इस्पितळाच्या समितीने एका रुग्णापुरती परवानगी दिली. अट एवढीच, की जी बॅच वापरायची ती आधी तपासून आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तसं पत्र द्यायचं.

बसवनगुडीच्या घरी मी हे सांगितलं, तेव्हा अण्णा पाय उशीवर ठेवून बसला होता.

“सशांना चालते, तर मला का नाही? बरं, ते ससे आता कुठे असतात?”

“ते विचारू नकोस,” मी म्हटलं.

“स्वल्प गंभीर व्हा हो,” वहिनी म्हणाली. “पायाचं चाललंय.”

“अगं, घरचा माल आहे. पुट्टीने केली म्हणजे सरीच असणार.” सरी म्हणजे कानडीत बरोबर, आणि पुट्टी म्हणजे छोटी. मी चाळिशीला आले तरी त्याच्यासाठी तीच होते.

बॅच मी एकटीने केली. प्लॅटिनमची मूस सही करून घेतली, भट्टीतून चिमट्याने काढली, रस पाण्यात ओतला. तडतडून खडे झाले, ते कुटून जाड्या साखरेएवढे दाणे चाळून ठेवले. मग तपासणी. रक्तातल्या पाण्यात जे क्षार असतात तेच, त्याच प्रमाणात शुद्ध पाण्यात विरघळवायचे, त्यात काच शरीराच्या उष्णतेला दहा दिवसांपर्यंत ठेवायची आणि थर येतो का पाहायचं. क्षार टाकण्याचा क्रम ठरलेला असतो. कॅल्शियमच्या आधी आम्ल.

त्या दिवशी मी कॅल्शियम आधी टाकलं. द्रावण दुधाळ झालं. घाईने आम्ल ओतलं, तर पुन्हा निवळलं. असं द्रावण फेकून द्यायचं, हे नव्याने आलेल्यांना मीच शिकवत असे. पण वीज सारखी जात होती, पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं होतं आणि पाण्याचा साठा तेवढाच होता. शस्त्रक्रिया अकरा दिवसांवर होती. अण्णाच्या जखमेतला पू तेव्हा सुकला होता, आणि तो सुकलेला असेपर्यंतच काच भरता येणार होती. मी द्रावण ठेवलं.

तिसऱ्याच दिवशी दाण्यांवर पांढरा थर दिसला. सर खूश झाले, पत्र टाइप करायला सांगितलं. मी द्रावणाची प्लास्टिकची बाटली धुवायला घेतली, तर तिच्या आतल्या बाजूलाही तसाच पांढरा थर. प्लास्टिकवर हा थर येत नाही. म्हणजे ते पांढरं बिघडलेल्या द्रावणातूनच खाली बसलेलं असणार. काचेने स्वतः काही केलं का, हे त्यावरून कळणारच नव्हतं.

सरांना सांगायला मला दोन दिवस लागले.

“काच वाईट आहे याची खात्री आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही. चांगली आहे याचीही नाही.”

“दुसऱ्या कुणासाठी असती तर?”

“त्याच दिवशी सांगितलं असतं.”

टाइप केलेलं पत्र त्यांनी खणात ठेवलं. वीज आली, नवं पाणी झालं, मी नवं द्रावण नीट क्रमाने केलं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. अण्णाला मी एवढंच सांगितलं, की तपासणी पुन्हा करायची आहे.

“कर गं. पाय कुठे पळून जातोय?”

नवं द्रावण ठेवल्याच्या नवव्या दिवशी त्याला ताप भरला. जखम फुटली, पू मांडीच्या दिशेने चढू लागला. सर्जननी वाट पाहिली नाही. गुडघ्याखालून पाय काढला.

बाटल्या अजून उबेच्या पेटीत होत्या. इस्पितळाच्या धावपळीतून पंधराव्या दिवशी मी त्या उघडल्या. प्लास्टिक स्वच्छ होतं, आणि दाण्यांवर पांढरा, पातळ, सलग थर होता. क्ष-किरणांनी तपासला, तेव्हा तो हाडातल्या खनिजाचाच निघाला. काच चांगली होती. आधीपासूनच चांगली होती. मी पहिलं द्रावण ठरलेल्या क्रमाने केलं असतं, तर ते वेळेत कळलं असतं.

त्या संध्याकाळी इस्पितळात अण्णाने विचारलं, “तुझी काच काय म्हणते?”

“खराब निघाली,” मी म्हणाले. असं म्हणेन हे मला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं.

त्याने डोळे मिटून घेतले. “मग बरंच झालं की गं. घातली असती तर काय झालं असतं?”

पुढे तो जयपूर पाय लावून दुकानात जाऊ लागला. गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवता दाखवता सांगायचा, “आमच्या बहिणीने स्वतः केलेली काच स्वतःच नापास केली. म्हणून मी जिवंत आहे.” मी तिथे असले तर साडीचा काठ पाहत राहायचे. काही वर्षांनी मी सर्जनना गाठून विचारलं. ते म्हणाले, काच वेळेवर भरली असती तरी पाय वाचला असता असं कोण सांगणार? ते बरोबर होतं. त्याने माझ्या मनावरचं ओझं हललं नाही. अण्णाला खरं सांगायला मला वर्षं मिळाली होती. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगून त्याला काय मिळणार?

गेल्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. तेराव्याला वहिनी हीच गोष्ट त्याच्याच शब्दांत लोकांना सांगत होती. “खोटं वाटतं? विचारा आमच्या वन्संना.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेले.

वहिनी मराठी वाचते, सावकाश वाचते. हे छापून तिच्या हातात पडण्याआधी मी स्वतः जाऊन सांगायला हवं. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन, तिच्या हातची कॉफी पिऊन परत आले आहे. गुरुवारी पुन्हा जाणार आहे.