आमचा बंब आणि पाच दिवसांचा बूट कॅम्प

आमच्या ताईला ऑफिसात सगळे बंब म्हणतात. आगीचा बंब. तोंडावर म्हणतात, आणि ती चिडत नाही, उलट खुश होते. कुणाचं काही बंद पडलं की ही खुर्चीतून उठलेलीच असते. कॉम्प्युटर अडला, प्रिंटर रुसला, पासवर्ड विसरला, काहीही असो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताई त्याच्या टेबलापाशी हजर. घरीही तेच. दूध उतू जायला लागतं तेव्हा गॅसपाशी मी उभी असते, पण गॅस बंद करते ती, बाहेरच्या खोलीतून धावत येऊन. वर मलाच म्हणते, "डोळे कुठे असतात गं तुझे?"

मी तिची धाकटी बहीण. दहावीच्या आधीच शाळा सोडली. वर्गात बसलं की माझे पाय वळवळायचे. आता स्कूटरवरून पार्सलं पोचवते. तेव्हा क्लास आणि परीक्षा या विषयावर मी तोंड उघडावं हा तसा विनोदच आहे. पण ताईबद्दल कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि ती स्वतः मेली तरी सांगणार नाही.

ती औषधांच्या एका घाऊक कंपनीत आहे. कितीतरी वर्षं कानाला हेडफोन लावून एकच वाक्य बोलत होती, "बंद करून परत चालू करा." घरी झोपेतसुद्धा बोलायची. मग एकदा कंपनीत व्हायरस आला. हिशोबाच्या टेबलावरच्या काकांनी कसलीतरी मेल उघडली आणि एकेक फाईल कुलूपबंद व्हायला लागली. सगळे आ वासून बघत होते. ताई धावली. काकांचं मशीन तिने थेट बटण दाबून बंद केलं, आणि पूर्ण मजल्याच्या वायरी उपटल्या. अर्धा दिवस कंपनी ठप्प. पण फाईली वाचल्या. साहेबांनी आधी झापलं, मग पेढे वाटावेत तसा चेहरा केला, आणि तिला फोनवरून उचलून सुरक्षेच्या खुर्चीवर बसवलं. हंगामी.

हंगामी या शब्दातच सगळी गोम होती. कायम व्हायचं तर सुरक्षेची ती मोठी परीक्षा पास पाहिजे, सर्टिफिकेट पाहिजे. वर्षअखेरपर्यंत मुदत. ताई एकदा बसली आणि नापास झाली. आता एकच वेळ उरली होती. नाही झाली तर बाहेरून माणूस आणणार, आणि ही परत हेडफोनवर.

नापास झाली त्या दिवशी ती घरी आली, चप्पल काढली आणि सरळ भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. प्रश्न मूर्ख आहेत."

मला लगेच पटलं. माझ्या बहिणीला नापास करणारे प्रश्न मूर्खच असणार.

मग हे बूट कॅम्पचं खूळ निघालं. पाच दिवस, सकाळी ते संध्याकाळी, एका हॉलमध्ये कोंडून शिकवतात आणि पुढच्याच आठवड्यात परीक्षा. तिच्या ऑफिसातला एक पोरगा तिथे जाऊन पास झाला होता. दुसरी एकजण जाऊन नापास झाली होती आणि त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. ताई रोज एक बाजू घ्यायची. सकाळी, "जाते. घरी अभ्यास होतच नाही." संध्याकाळी, "कशाला? पुस्तकं आहेत, फुकटचे व्हिडिओ आहेत, जे ते शिकवणार ते मला येतंय."

"मग नको जाऊस," मी म्हणायची.

"तुला काय कळतंय?"

"मग जा."

"तुला सगळं सोपंच वाटतं!"

आई कॉटवरून म्हणायची, "तुम्ही दोघी आधी टीव्हीचा आवाज कमी करा, मग भांडा."

शेवटी बूट कॅम्पवाल्यांनी रविवारी एक तास फुकट बसायला बोलावलं. ताई मला ओढत घेऊन गेली. एकटीला भीती वाटत होती, पण म्हणाली काय, "तू जरा माणसांत बस, बरं असतं."

हॉल वरच्या मजल्यावर. खाली चष्म्यांचं दुकान. एसी इतका गार की पोरांनी जॅकेटं घातलेली. दाराशी प्लास्टिकचा डबा होता, त्यात सगळ्यांनी फोन टाकायचे. ताईने तीनदा विचारलं, "महत्त्वाचा फोन आला तर?" दाराशी बसलेली बाई म्हणाली, "इथल्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवा घरी. कुणी खरंच मरायला टेकलं असेल तर मी आत येऊन सांगते." ही बाई मला आवडली.

शिकवणारा मास्तर बारीक आवाजाचा होता. त्याने भिंतीवर प्रश्न टाकला. ऑफिसातल्या एका मशीनवर विचित्र संदेश दिसतोय. सगळ्यात आधी काय कराल? खाली चार उत्तरं. मशीन बंद करायचं. मजल्याचं नेटवर्क तोडायचं. ठरलेल्या योजनेप्रमाणे खात्री करून जबाबदार माणसाला कळवायचं. मशीन पुसून नव्याने सगळं भरायचं.

ताईचा हात वर. "पहिलं आणि दुसरं. दोन्ही."

एकच निवडायचं असतं. सगळे हसले. मी मागे वळून बघितलं, तेव्हा दोघंतिघं हसायचे थांबले.

"तुम्ही हे खरंच केलंय कधी?" मास्तरने विचारलं.

"केलंय. कंपनी वाचली."

"छान. मशीन बंद केल्यावर त्याच्या मेमरीत जे चालू होतं, त्याचं काय झालं?"

"गेलं."

"मग चोर कुठल्या दाराने आत आला ते कसं शोधलंत?"

ताई भिंतीवरचा प्रश्न परत वाचायला लागली. आणि मला आठवलं. काही आठवड्यांनी तोच व्हायरस परत आला होता, त्याच रस्त्याने. तेव्हाही ताईच धावली होती. आम्ही घरी दोन्ही वेळचं कौतुक केलं होतं. पहिल्यांदा नीट बघितलं असतं तर दुसऱ्यांदा धावायची पाळीच आली नसती, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ताईच्या बहुतेक आलं होतं. त्या दिवशी तिच्या मानेकडे बघून मला कळलं. ती ताठ ठेवली होती तिने, मुद्दाम.

तास संपल्यावर ती मास्तरकडे गेली. "सर, खरं सांगा. मला उपयोग होईल का?"

"घरी सराव परीक्षा देता तेव्हा काय होतं?"

"काठावर अडकते. कायम तिथेच."

"जे कोरे येतात त्यांना मी सांगतो, येऊ नका. पाच दिवसांत पाया घालता येत नाही. तुम्हाला माहिती आहे सगळी. तुमचं घोडं भलतीकडेच अडलंय. प्रश्न वाचला की तुम्ही धावता. इथे पाच दिवस मी तुम्हाला उठू देणार नाही, एवढंच. त्याने पास व्हालच असं मी लिहून देत नाही."

खाली आल्यावर ताई स्कूटरवर मागे बसली. सिग्नलला मी म्हटलं, "मास्तर आगाऊ आहे."

"गप्प बस. गाडीकडे लक्ष दे."

जायचं ठरत आलं आणि तेवढ्यात दुसरं निघालं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू पिकला होता. एक डोळा आधीच झाला होता, दुसऱ्याची तारीख मिळाली ती नेमकी त्याच आठवड्यातली. बुधवार. ताईने वर्षभर रजा वाचवून ठेवल्या होत्या त्या आईच्या डोळ्यासाठी. पाच दिवस क्लासला घातले की रजा संपली.

"झालं तर मग," ताई म्हणाली. "क्लास नाही. विषय संपला." आणि इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाली की मला राग आला. तिला कारण मिळालं होतं.

"आईला मी नेते," मी म्हटलं.

"तू?"

"हो, मी. मला स्कूटर चालवता येते, वाचता येतं, आणि डॉक्टर काय म्हणतो ते ऐकू येतं."

"थेंब घालायचे असतात वेळेवर. तुला पार्सलाचा फोन आला की तू..."

"मला विचारा की कुणीतरी," आई म्हणाली. "डोळा माझा आहे."

आम्ही विचारलं नाही.

मी कागद घेतला नाही, काही नाही, तिच्यासमोर पाय पसरून बसले आणि मास्तरचा आवाज काढला. "प्रश्न. आईचं ऑपरेशन आणि परीक्षेचा क्लास एकाच आठवड्यात. सगळ्यात आधी काय कराल? एक, क्लास सोडून स्वतः धावाल. दोन, ऑपरेशन पुढे ढकलाल. तीन, घरात जो माणूस रिकामा आहे त्याला ते काम द्याल. चार, भांडी घासाल."

आई फिसकन हसली. ताई हसली नाही. तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "एक. माझं उत्तर एकच येतं गं. दर वेळी. वाचलेलं असतं तिसरं बरोबर आहे म्हणून, तरी हात एकवर जातो."

मला पहिल्यांदाच कळलं की प्रश्न मूर्ख नव्हते. आणि मला ते कळायला नको होतं.

तिने क्लासची जागा धरली.

सोमवार, मंगळवार गेले. घरी यायची ती पिळून काढल्यासारखी. "आज सतरा वेळा म्हणाले, बसा," एवढंच सांगायची. बरोबर किती आले ते विचारलं तर पाठ फिरवायची.

बुधवारी मी आईला नेलं. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, आई अगदी लहान दिसत होती. नर्सने दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं. परत मोजलं. थोडा वेळ बसवून तिसऱ्यांदा मोजलं. मग डॉक्टर आले. "आज नाही करता येणार. प्रेशर खूप वर आहे. गोळी देतो, पुढच्या आठवड्यात या."

"घाबरलात का आजी?" नर्सने विचारलं.

"थोरली नाही ना सोबत," आई म्हणाली. सहज म्हणाली, माझा हात धरूनच. पण मला ते कानाखाली बसल्यासारखं लागलं.

बाहेरच्या बाकावर मी फोन काढला. क्लासच्या दाराशी फोनचा डबा घेऊन बसणाऱ्या बाईचा नंबर समोर. अंगठा त्यावर. डोळ्याचं ऑपरेशन रद्द होणं म्हणजे कुणी मरायला टेकणं नव्हे, हे कळत होतं. पण पुढच्या आठवड्यात ताईकडे रजा नव्हती, म्हणजे परत मीच, आणि परत आईचं प्रेशर. आज ताई आली तर निदान मला कुणीतरी ओरडेल आणि मोकळं वाटेल.

"लावू नको," आई म्हणाली. तिला स्क्रीन दिसत नव्हती, पण माझा श्वास ऐकू येत होता बहुतेक. "ती येईल."

"म्हणून तर लावतेय."

"म्हणून तर लावू नको."

संध्याकाळी ताई आली, आईच्या डोळ्यावर पट्टी नाही हे बघितलं आणि दारातच थांबली. मी सांगितलं. नर्सला आई काय म्हणाली तेवढं सोडून सगळं.

"मला फोन का केला नाहीस?"

"तू आली असतीस."

"आलेच असते! आई आहे ती!"

"मग काय केलं असतंस? प्रेशर उपटून काढलं असतंस?"

वाटलं, आता मारते. हात उचललाही होता. मग ती बॅग घेऊन तशीच खाली बसली, दाराला टेकून. मग तिचा आवाज आला, ऑफिसातला वाटावा असा.

"आकडा किती होता? गोळी कुठली, कधी घ्यायची? पुढची तारीख कुणी सांगितली, डॉक्टरने की काउंटरवरच्यांनी?"

मी एकेक सांगितलं. तिने मधे तोडलं नाही. आमच्या आयुष्यात तिने माझी एवढी वाक्यं सलग पुरी होऊ दिली नव्हती. शेवटी म्हणाली, "ठीक केलंस." आणि लगेच, "पण उद्या मी जात नाही."

मी वाद घातला नाही. रात्रभर नुसती कूस बदलत राहिले.

सकाळी ती एक बूट घालून दाराशी उभी होती, दुसरा हातात. आई चहा पीत होती आणि मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हती. ताईने दुसरा बूट घातला. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात ठेवला.

"डब्यात टाकला तरी लक्ष डब्याकडेच असतं. इथेच राहू दे."

"काही झालं तर?"

"तू आहेस," ती म्हणाली आणि मागे न बघता जिना उतरली. भराभर. ती सवय काही गेलेली नाही.

दुपारच्या आधी तिचा फोन वाजला. ऑफिसातला कुणीतरी. "बंब आहे का? इथे गोंधळ झालाय जरा."

"बंब वर्गात बसलाय."

"अहो, पण मग आम्ही करायचं काय?"

"तुमच्याकडे काहीतरी योजना लिहिलेली असेल ना? ती उघडा," मी म्हटलं आणि ठेवला. काय गोंधळ, केवढा, उद्या याचं खापर तिच्याच डोक्यावर फुटलं तर? पुढच्या सोमवारी परीक्षा. ती पास होईल का, मला माहीत नाही. पाच दिवसांत माणूस बदलतो असं मला वाटत नाही, एवढी वर्षं गेली तरी मी अजून बारा वर्षांचीच आहे, असं तर तीच म्हणते.

"कोणाचा होता?" आईने विचारलं.

"ऑफिसचा."

"तिला सांगणार?"

"संध्याकाळी."

आईने बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. काल येताना औषधांच्या दुकानातून घेतलेलं प्रेशरचं मशीन आणून मी पट्टा बांधला, आणि आम्ही दोघी आकड्याकडे बघत बसलो.