यांचे हात रिकामे नव्हते

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. पोटच्या पोरीलाही नाही. तुला सांगतेय, पण कळवळा दाखवू नकोस — मला त्याचा वीट आलाय.

माझ्या नवऱ्याला त्यांच्या धाकट्या भावानं, दिगंबरनं, मारलं. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या शेतात, भर दुपारी, खोऱ्यानं. विहीर सामायिक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या — एक दिवस आमचा, एक दिवस त्याचा. हा दीर मला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होता. का? वाटणीत विहिरीकडची पट्टी त्याला गेली म्हणून? असेल. त्याचं हसणंसुद्धा माझ्या डोक्यात जायचं.

त्या दिवशी पाळी आमची होती आणि मोटार त्यानं चालू केली. हे तावातावानं निघाले — आणि इथंच माझी जीभ अडते. कुऱ्हाड यांनी घेतली नव्हती. मी दिली. "असंच रिकाम्या हातानं जाता व्हय? मंग बांगड्याच भरा," असंही वर म्हणाले.

मी मागोमाग गेले. दिगंबर दारं धरत होता, पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला खोरं त्याच्या हातात होतंच. यांनी कुऱ्हाड त्याच्यावर उगारली, ती मी पाहिली. मग त्यानं खोरं घातलं. दोनदा. हे पडले, तो गावाकडे पळाला, आणि मी आधी काय केलं असेल? यांच्या मुठीतून कुऱ्हाड सोडवली, गुरांच्या कोठ्यात नेऊन सरपणात खुपसली. हंबरडा नंतर फोडला.

संभाजीनगरला कोर्टात त्याच्या वकिलानं विचारलं, नवऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती ना? मी म्हणाले, "नाय साहेब, काईच नव्हतं." पांढऱ्या कपाळाच्या बाईला खोटारडी कोण म्हणणार? जीव वाचवायला वार केला, हे त्याचं म्हणणं न्यायाधीशांनी फेटाळलं. निःशस्त्र माणसापासून कसला जीव वाचवायचा? खून शाबीत झाला.

शिक्षा सुनावण्याआधी त्याला विचारलं, काही सांगायचंय? तो माझ्याकडे वळला. "वैनी, तुमी व्हत्या ना तिथं. तुमीच सांगा."

मी पदर डोळ्यांना लावला आणि पदराआडून त्याच्याकडे बघत राहिले. जन्मठेप ऐकली तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

आजही दिगंबरचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. तो तुरुंगात आहे — आणि तो खरं बोलत होता.