गुणवंत चुरींचे दोन पायथन

भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमधल्या एका सोसायटीत गुणवंत चुरी राहतात. रंगाच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्ती जवळ आल्यावर बरोबरीचे लोक शेअर बाजार शिकायला लागले, तेव्हा यांनी शनिवारचा क्लास लावला आणि कॉम्प्युटरची पायथन नावाची भाषा शिकून घेतली. कशासाठी, ते घरात कुणाला कळलं नाही. त्यांनाही नीटसं सांगता आलं नाही.

त्या भाषेत त्यांनी जन्मात एकच प्रोग्रॅम लिहिला, पण तो सोसायटीला लागू पडला. वॉचमन बाबाजी सकाळी टाकीत डोकावून सांगायचा, आज पाणी किती मिनिटं पुरेल. तो आकडा चुरी कॉम्प्युटरला देऊन पुन्हा आडवे व्हायचे. कॉम्प्युटर त्याला तीन विंगांनी भागायचा आणि जिन्यांतल्या स्पीकरवरून चुरींच्याच आवाजात सांगायचा, "ए विंग, सहा मिनिटं. बी विंग, सहा मिनिटं." शून्यापासून नवापर्यंतचे आकडे त्यांनी एकदाच बसून रेकॉर्ड केले होते. शिवाय एक खाकरणं. एखादं चिन्ह कॉम्प्युटरला वाचता आलं नाही तर त्याने खाकरावं, म्हणजे माणूस विचार करतोय असं वाटतं, हे त्यांचं मत.

हे बरीच वर्षं बिनबोभाट चाललं. मग त्यांच्या सुनेचा, रसिकाचा, लॅपटॉप बिघडला. ती घरूनच एका कंपनीचं काम करायची. तिने सासऱ्यांचा कॉम्प्युटर मागितला.

"बाबा, तुमचं पायथन दोन नंबरचं आहे, जुनं. मला तीन नंबरचं लागतं. टाकतेय मी."

"माझं काढणार तू?"

"नाही काढत. दोन्ही राहतील."

"एका म्यानात दोन तलवारी?"

"तलवारी कुठे बाबा, भाषा आहेत. तुम्ही घरात मराठी बोलता, भाजीवाल्याशी हिंदी बोलता. तोंड एकच ना?"

हे चुरींना पटलं. एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. नुसतं 'पायथन' म्हणून हाक मारली की आता ओ द्यायला नवं पुढे येत होतं. आणि चुरींचा प्रोग्रॅम नुसतीच हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी बाबाजी म्हणाला, वीस मिनिटं. चुरींनी वीस टाकले आणि पांघरूण ओढलं. जिन्यात आवाज घुमला. "ए विंग, सहा." मग खाकरणं. मग, "सहा सहा सहा सहा सहा सहा..." कुणी मोजले नाहीत, पण बरेच सहा होऊन शेवटी एक सात आला. मग बी विंगची तीच तऱ्हा.

सी विंगमध्ये पर्ल घोन्साल्विस राहतात, मूळच्या उत्तनच्या. तीन सहा एका ओळीत म्हणजे सैतानाचा आकडा, हे त्यांना लहानपणापासून पाठ. इथे तर तिनावर थांबायची चिन्हं नव्हती. त्या गॅस बंद करून, चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटली घेऊन खाली उतरल्या आणि स्पीकरवर निम्मी बाटली शिंपडली. स्पीकर फुरफुरला, एकदा खाकरला आणि गप्प झाला. मग त्या चुरींच्या दारात गेल्या.

"चुरीभाव, तुमच्या आंगात कोन आलाय?"

"मी झोपलो होतो, पर्लबाय."

"तेच तं. तुमी झोपलाव न् तुमचा आवाज जागा हाय."

रसिकाने पर्लबायना खुर्ची दिली आणि समजावलं. पूर्ण आकडा पूर्ण आकड्याने भागला की जुनं पायथन अपूर्णांक टाकून द्यायचं. नवं तो ठेवतं, आणि मधलं दशांशचिन्ह वाचता येत नाही म्हणून खाकरतं. विसाला तिनाने भागलं की सहा संपतच नाहीत; कुठेतरी थांबायचं म्हणून ते शेवटच्याचा सात करतं. यात सैतान नाही, भागाकार आहे.

तेवढ्यात सेक्रेटरी हंसाबेन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मतलब, चुरीभाई, इतने साल हमारा पॉइंट छे छे छे किधर जाता था?"

तीन सक अठरा. वरची दोन मिनिटं गेली कुठे? आयुष्यभर पैपैचा मेळ घालणाऱ्या माणसाच्या हे कधी मनातही आलं नव्हतं. चुरींचे कान लाल झाले.

दारात उभा असलेला बाबाजी हळूच म्हणाला, "मी आंघोळ करतो त्यात."

रविवारी सोसायटीची मीटिंग बसली. ए आणि बी विंगला आपला अपूर्णांक हवाच होता. सी विंगतर्फे पर्लबाय उठल्या. "आमाला पूर्ण सहा पुरे. ते लांबलचक सहा आमच्या जिन्यात नको. आणि बाबाजीला आंघोळ करू द्या." कुणी मागे हटेना. शेवटी हंसाबेननी निकाल दिला: ए आणि बी नव्यावर, सी जुन्यावर.

कॉम्प्युटर एकच होता. रसिकाने दोन्ही पायथनना वेगवेगळ्या खोल्या दिल्या आणि चुरींना बजावलं, "आता नुसती हाक मारायची नाही. नंबर लावून बोलवायचं." चुरींनी प्रोग्रॅमचे दोन भाग केले. नव्याच्या सहांची शेपटी कापून तिथे चाळीस सेकंद आणले. जुनं तसंच ठेवलं. बाबाजीच्या वाट्याला चाळीसच सेकंद उरले, तेव्हा त्याने डोक्यावरून आंघोळ सोडली आणि खांद्यापासून खाली सुरू केली.

नवा स्पीकर लागला, तशी पर्लबायनी आणखी एक अट घातली. सी विंगचा सहा जरा गोड पाहिजे, जुन्या सहाने अजून छातीत धस्स होतं. रसिकाने फोन धरला आणि चुरी पंख्याखाली बसून सहा म्हणू लागले. कधी तो दरडावल्यासारखा यायचा, कधी कण्हल्यासारखा. संध्याकाळ होत आली तेव्हा एक जमला. तो सहा इतका लाडीक आहे की सी विंगमधली मंडळी पाणी भरायचं सोडून आधी एकमेकांकडे बघून हसतात, आणि चुरी त्या वेळी त्या जिन्याने जायचं टाळतात.